लीलाधरचं डेरगं

"एक घागर दे. आन् एक डेरगं," माय म्हणाली.

कुंभाराच्या अंगणात बायकांची गर्दी होती. आखाजी तोंडावर आलेली, ज्या त्या घरी घागर हवी, आणि प्रत्येक बाई बोटानं टिचकी मारून मडकं पक्कं की कच्चं ते पाहत होती. मायचं बोलणं ऐकलं तसा टिचक्यांचा आवाज थांबला. रखमा कुंभारणीनं घागर उचलून पुढे ठेवली, पण डेरग्याला हात लावला नाही.

"डेरगं कोनासाठी, काकू?"

तिचं विचारणं चुकीचं नव्हतं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांना पाणी देतात. जुन्या पितरांना घागर. डेरगं म्हणजे घागरीहून लहान, बुटकं मडकं, ते फक्त नव्या पितराचं. माणूस गेल्यावर पहिल्या आखाजीला ते भरायचं. पुढच्या वर्षापासून तो घागरीतल्या मंडळींत जाऊन बसतो, त्याचं वेगळं काही राहत नाही. तेव्हा डेरगं मागणं म्हणजे घरातलं माणूस गेलं असं चारचौघांत सांगणं, आणि आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. निदान गेलं असं कोणी म्हटलं नव्हतं.

"माह्या लीलाधरसाठी," माय म्हणाली आणि पदरातली ज्वारी तिच्या सुपात ओतू लागली.

मी शेजारीच उभी होते. आखाजीला माहेरी आलेली लेक म्हणजे झोके खेळायचे, आंबे चोखायचे आणि आईच्या हातचं आयतं गिळायचं, एवढंच तिचं काम. सासरी मी वर्षभर त्याचीच वाट बघायची. घरून निघताना मायनं मला 'घागर आनाले चाल' एवढंच सांगितलं होतं.

लीलाधर माझा थोरला भाऊ. केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला निघाला होता, व्यापाऱ्याची गाठ घ्यायला. मध्य प्रदेशात कुठंतरी सकाळी ट्रक थांबला, हा प्यायचं पाणी घेऊन येतो म्हणून उतरला आणि परत आलाच नाही. ड्रायव्हरनं दुपारपर्यंत शोधलं, मग पोलिसांत सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, दोनदा जाऊन आले. फोटो दाखवत गावोगाव फिरले. जवळ एक नदी होती, एक रेल्वे स्टेशन होतं, आणि एक जत्राही त्या दिवसांत भरली होती. नदीत गेला म्हणावं तर प्रेत नाही, गाडीत बसला म्हणावं तर कारण नाही. पहिली आखाजी आली तेव्हा घरात कोणी विषयच काढला नाही. ही दुसरी होती.

मायनं डेरगं कमरेवर घेतलं आणि भर गल्लीतून घरी निघाली. पदराआड घे म्हणून मी खुणावलं, तर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. आम्ही घरी पोचायच्या आत ती पोचली असणार असं मला वाटलं, पण तसं झालं नव्हतं. कोकिळावहिनी, लीलाधरची बायको, चुलीपाशी सांजोऱ्या तळत होती. तिनं मान वर केली, घागर पाहिली, तिच्या शेजारचं डेरगं पाहिलं. मग झाऱ्यानं तेलातली सांजोरी उलटली. ती करपली होती, तरी तिनं ती काढून नीट परातीत ठेवली.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

मायनं डेरगं ओसरीवर नेऊन ठेवलं. वहिनीला उत्तर मिळालं.

त्या घरात सासू-सुनेचं भांडण मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या सासरी भांड्याला भांडं रोज लागायचं, त्यामुळे मला ह्या दोघींचं जरा नवलच वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा मत्सरही. माझी माय तिचीच जास्त होती. लीलाधर नाहीसा झाल्यापासून तर दोघी एका ताटात जेवत. त्या दिवशी दोघी वेगळ्या जेवल्या, आणि एकीचं दुसरीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही डगरींवर हात ठेवायची माझी जुनी सवय. पण त्या दोन दिवसांत दोन्ही डगरी अशा काही लांब गेल्या की माझे हात पुरेनात.

वहिनी मला मागच्या दारी गोठ्यापाशी घेऊन गेली. ती रडत नव्हती. तिचा आवाज बाजारहाटाचं बोलावं इतका साधा होता.

"ताई, जित्या मानसाच्या नावानं डेरगं भरलं तं काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण असं कोणी केलेलंच नव्हतं.

"ते कोठी तरी हायेत," ती म्हणाली. "डोक्याले मार लागला असंन, गाव आठवत नसंन. आपन अथी त्याहिचा घास निखाऱ्यात टाकायचा आन् तिकडे त्याहिच्या हातातला घास खाली पडायचा. मायले सांगा. मी पाया पडते."

दर बाजारी ती लीलाधरची तंबाखू आणायची. चंचीतली वाळकी काढून टाकायची, ताजी भरून ठेवायची. गावातल्या बायका त्यावरून हसत. मीही एकदा हसले होते, आणि ती माझ्याबरोबर हसली होती.

मी हे मायला सांगितलं. माय डेरग्याला हात फिरवत ओसरीवर बसली होती. तिचं म्हणणं तिनं एकदाच सांगितलं.

तिला स्वप्न पडायचं. आमचे सगळे पितर पंगतीला बसलेले असतात. तिचे सासू-सासरे, दीर, लहानपणी गेलेला माझा एक भाऊ. सगळ्यांपुढे पाण्याचे तांबे. आणि पंगतीच्या बाहेर, चपला काढतात तिथं, लीलाधर बसलेला असतो. कोणी त्याला आत या म्हणत नाही.

"मागत नाई गं तो," माय म्हणाली. "मागितलं असतं तं मी म्हटलं असतं, सपन हाये. नुसता पाह्यतो. ओठ असे पांढरे. तुले ठाव हाये तो कधी मागून जेवला नाई. वाढलं तं खाल्लं, नाई वाढलं तं उठला."

"पन माय, तो जिता असंन तं?"

"जिता असंन तं कोनी ना कोनी पानी पाजीनच त्याले. मेला असंन तं माह्याशिवाय कोन पाजीन?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. वहिनीकडे गेले की वहिनीचं खरं वाटायचं, मायकडे आले की मायचं. आबांना विचारावं म्हटलं तर आबा मळ्यातून घरी येतच नव्हते. केळीला पाणी चालू आहे म्हणायचे. त्या दिवसांत पाटाच्या पाण्याची आमची पाळीच नव्हती.

शेवटी मायनंच तोड काढली. कोकिळाच्या कुंकवाला कोणी हात लावणार नाही, ती जशी आहे तशी राहील. लीलाधर परत आला तर उंबऱ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा उतरवून टाकू, डेरग्याचा दोष असेल तो मायच्या माथी. फक्त पाणी द्यायचं. एवढं एकदा पाणी दिलं की पुन्हा ती काही मागणार नाही.

मी ते वहिनीला सांगितलं. "घरातल्या घरात ना?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. किती भाबड्या होतो आम्ही तिघी. डेरगं भर गल्लीतून आणलेलं, आणि आम्ही घरातल्या घरात म्हणत होतो.

आखाजीच्या दिवशी बाहेर झोक्यावरच्या पोरींची गाणी चालू होती. घरात पुरण शिजलं, आमरस झाला, कुरडया तळल्या. वहिनीनं सगळं केलं. मायनं ओसरीत सारवलेल्या जागेवर गहू पसरून त्यावर घागर ठेवली, शेजारी डेरगं ठेवलं. दोन्हींत वाळ्याचं पाणी भरलं, घागरीवर खरबूज, डेरग्यावर आंबा आणि सांजोऱ्या. पुढ्यात गोवरीचे निखारे. त्यावर पितराचं नाव घेऊन तुपाची धार सोडायची, घास टाकायचा आणि भोवती पाणी फिरवायचं. नाव घरधन्यानं घ्यायचं. नावाशिवाय टाकलेला घास कोणाला पोचत नाही म्हणतात.

आबा अंघोळ करून धोतर नेसून बसले. त्यांनी डेरग्याकडे पाठ होईल असा पाट सरकवून घेतला होता. मायनं तो पुन्हा सरळ केला.

पितराच्या जागी एका माणसाला जेवायला बसवतात. बाप्या गेला असेल तर बाप्या, शक्यतो त्याच वयाचा. घागरीसाठी आमचे शेजारी गोविंदकाका आले. लीलाधरच्या जागी मायनं भागवतला बोलावलं होतं, त्याचा शाळेपासूनचा मित्र. भागवत धुतलेला सदरा घालून आला आणि दाराशीच घुटमळला. त्याच्यासारखा बडबड्या गावात दुसरा नव्हता, लग्नाच्या पंगतीत त्याला आवरावं लागायचं. त्या दिवशी तो पाटावर बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत राहिला.

एवढ्यात मोठीमाय आली. आबांच्या थोरल्या भावाची बायको, लागूनच घर. तिच्यामागे भाऊबंदकीतल्या आणखी दोघी. मोठीमायच्या काखेत घडी घातलेलं पांढुरकं लुगडं होतं. कुंकू पुसल्यावर बाईला नेसवतात तसलं.

आता मोठीमायला कोणी दुष्ट समजू नये. ती ऐन तारुण्यात रांडावली होती. तिच्या बांगड्या फोडताना कोणा आडदांड बाईनं मनगट रक्तबंबाळ केलं होतं, तेव्हापासून भाऊबंदकीत हे काम ती स्वतःकडे घ्यायची. कोणीतरी करणारच, तर हलक्या हातानं व्हावं, असं तिचं म्हणणं. ती मायच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मले सांगितलं नाई, जसोदे. कुंभारवाड्यातून कळालं."

मायनं तिला आपली तोड सांगितली. फक्त पाणी द्यायचं आहे, बाकी काही नाही.

मोठीमायनं मान हलवली. "नवऱ्याच्या नावानं डेरगं, आन् कपाळाले नवऱ्याच्या नावाचं कुंकू? दोन्ही कसं चालंन? इकडून बायको त्याले जिता म्हनून धरून बसली, तं तिकडे पितर त्याले पंगतीत घेतीन का? तुह्यं पानी पोचनार नाई, बाई. उंबऱ्यावरून परत येईन."

माय निखाऱ्यांकडे पाहत होती. मला ओरडावंसं वाटत होतं की हे सगळं कोणी ठरवलं, कोणी जाऊन पाहून आलंय का तिकडे. पण मूग गिळून मी उभी राहिले. बोलून कोणाची बाजू घेणार होते मी? मोठीमाय चूक म्हणावी, तर मग मायचं पाणीही चूकच ठरत होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या हातात पितराचं ताट होतं, पुरणपोळीवर तूप वाढलेलं. ती बाहेर आली. ताट तिनं भागवतपुढे ठेवलं, वाटी सरळ केली. मग मोठीमायसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. आखाजीसाठी मायनंच आठवड्यापूर्वी तिला भरून आणल्या होत्या.

"घ्या," ती म्हणाली. "मायले सपनात ते दिसतात. मले तं एकदा बी दिसले नाईत. मी कोनत्या तोंडानं नाई म्हनू? पन त्याहिले पानी पोचलं पाह्यजे, मोठीमाय. पोचंन ना?"

मोठीमायनं तिची मनगटं आपल्या हातात घेतली. "पोचंन, बाई," ती म्हणाली, आणि आबांकडे वळून म्हणाली की आधी नाव घ्या, मग ती आपलं काम करील.

आबांनी तुपाची वाटी उचलली. आपल्या वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, धाकट्या भावाचं घेतलं. घागरीचे घास टाकून झाले. डेरग्याची पाळी आली. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तो निखाऱ्यावर धरून बसले. तूप त्यांच्या बोटांवरून ओघळून निखाऱ्यात पडत होतं आणि धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पोराचं नाव त्यांनीच ठेवलं होतं.

"थांबा," माय म्हणाली.

ती उठली. डेरग्यावरचा आंबा आणि सांजोऱ्या उतरवून तिनं ताटात ठेवल्या. दोन्ही हातांनी डेरगं उचललं, अंगणात गेली आणि शेवग्याच्या बुंध्याशी ते सगळं पाणी ओतून टाकलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती ते उलटं धरून उभी होती. मग आत आली.

"जसोदे," मोठीमाय म्हणाली, "पोरगं तहानलेलं राहीन."

"राहीन," माय म्हणाली. "माह्या लेकाले धीर हाये. थांबीन तो."

तिनं वहिनीचे हात मोठीमायच्या हातांतून सोडवून घेतले आणि तिला आत जाऊन रस आणायला सांगितलं. तेवढंच. दोघी गळ्यात पडल्या नाहीत की रडल्या नाहीत. वहिनी उठली आणि खरंच रस आणायला गेली. मोठीमाय थोडा वेळ बसली, मग लुगडं काखेत घेऊन, आलेल्या दोघींना घेऊन निघून गेली. जाताना तिनं मायच्या खांद्यावर हात ठेवला.

पाटावर बसलेल्या भागवतचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. समोर पितराचं ताट, आणि पितर तर आता कोणीच नाही. तो उठायला लागला, तेव्हा आबा म्हणाले, "बस. भागवत म्हनून जेव." तो जेवला. मायनं त्याला आग्रह करकरून वाढलं, नको म्हणायच्या आत वाटी भरली. प्रत्येक घासाला तो रडत होता आणि प्रत्येक घास खात होता. मी असं जेवणं पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी मायनं पाणी घेतलं नाही. वैशाखाचं ऊन, चुलीचा जाळ, आणि बाई दिवे लागेपर्यंत तशीच. मी तांब्या पुढे केला तर म्हणाली, ठेव तिथं. त्यानंतर दर आखाजीला तिचं तेच. लोकांना वाटायचं कडक उपास आहे, आणि ती वाटू द्यायची. स्वप्नाचं पुन्हा तिनं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, विचारायची माझी छाती झाली नाही.

लीलाधर आला नाही. आला नाही म्हणजे मेल्याचंही कळलं नाही. वहिनीनं कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या, दर बाजारी तंबाखू आणली. तिचे केस पिकले, तशी हसणाऱ्या बायकांची हसण्याची हौस संपली. मोठीमाय गेली तेव्हा तिचं डेरगं तिच्या घरी भरलं. मग एका हिवाळ्यात माय गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. शेवटचं पाणी वहिनीनंच तिच्या तोंडात घातलं.

पुढच्या आखाजीला मी माहेरी आले. आता झोके खेळायचं वय नव्हतं, गुडघे दुखत होते. मायसाठी डेरगं आणलं होतं. वहिनीनं गहू पसरले, वाळ्याचं पाणी भरलं, आंबा ठेवला. पितर म्हणून रखमा कुंभारणीच्या थोरल्या सुनेला बोलावलं होतं. आबा आता फार थकले होते, कानांनी ऐकू येत नव्हतं. मी त्यांना धरून पाटावर बसवलं. त्यांनी खणखणीत आवाजात मायचं नाव घेतलं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, आणि तुपाची धार सोडली. बायकोचं नाव घ्यायला त्यांना काही अडलं नाही.

पाणी फिरवायला त्यांनी तांब्या वहिनीकडे दिला. तिनं निखाऱ्यांभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, नमस्कार चाललाय. मग तिचं बोलणं ऐकू आलं. डेरग्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती हळू आवाजात मायशी बोलत होती.

"माय, हे पानी तुमचं हाये. तुमीच प्या. पन तथी बाहेर, चपलांपाशी, कोनी बसलेलं असंन तं बघा. असतीन तं तुमच्यातलं घोटभर द्या त्याहिले. मी दिलं म्हनून सांगू नका."

आबांनी माझा हात ओढला. "काय म्हनते ती?"

"काई नाई," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं. "पानी देते."